नखातला राजा

सोजरबाई आधी मुलांचे दात बघायची.

शनिवार पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात, मारुतीचं लहानसं देऊळ होतं. तिथल्या सोनबा गुरवाची ती बायको; आणि सोनबा गेल्यावर देवळाच्या पडवीत राहणारी त्याची विधवा. पुण्यात तेव्हा पेशव्यांचं राज्य होतं. पेठा वाढत होत्या, वाडे वाढत होते, आणि वाड्यांतून वस्तूही हरवत होत्या. काही हरवलं की लोक चावडीवर जाण्याआधी सोजरबाईकडे यायचे आणि येताना एखादं मूल बरोबर आणायचे. ती मुलाला उन्हात उभं करून तोंड उघडायला सांगे. दुधाचे दात सगळे जागेवर असले तर पुढची परीक्षा. एक जरी पडलेला असला तरी मूल परत. हौदावरच्या बायका म्हणायच्या, सोजरबाईसमोर पोराला जांभई देऊ देऊ नका, दात मोजून ठेवील.

पुढची परीक्षा चिंचोक्याची होती. मुलाच्या भावंडासमोर एका पालथ्या वाटीखाली चिंचोका ठेवायचा. भावंडाला बाहेर पाठवायचं. मग मुलाच्या डोळ्यांदेखत चिंचोका दुसऱ्या वाटीखाली सारायचा आणि विचारायचं, भाऊ परत आला की कुठे शोधेल? चिंचोका आता जिथे आहे तीच वाटी दाखवणारं मूल कामाचं. आपल्याला जे ठाऊक आहे ते सगळ्या जगाला ठाऊक आहे, असं त्याला अजून वाटत असतं. जे मूल हसून रिकामी वाटी दाखवी, ते गेलं. माणूस फसू शकतो हे त्याला कळलेलं असे. अशा मुलाला नखावरच्या अंजनात काही दिसत नाही, दिसलं तरी ते खरं सांगत नाही, असं तिला सासूने शिकवलं होतं.

सोजरबाई मूळची कात्रजची. तिथल्या तळ्याचं पाणी नळाने शहरातल्या हौदांत येई, आणि ती ते माहेरचं पाणी म्हणून पिई. लग्न होऊन आली तेव्हा तिचेच दात पडत होते. सासूने तिचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाली, उशीर झाला. त्यामुळे जन्मभर अंजन पाडणाऱ्या या बाईने अंजनातलं स्वतः कधीच काही पाहिलं नव्हतं. पडवीत एकटी असली की कधी कधी ती आपल्याच अंगठ्याच्या नखावर काजळी लावून बसे. नखावर काजळी दिसे, दुसरं काही नाही.

अंजन पाडायचं ते भर दुपारी, सावली पायाखाली आली की. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळी जमवायची, तुपात खलायची आणि मुलाच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर जाड लेप द्यायचा. मग मुलाने त्या काळ्या चकाकीत बघत राहायचं आणि सोजरबाईने विचारत राहायचं. झाडणारा आला का? सडा पडला का? बिछायत घातली का? मुलं आधी चुळबुळ करायची. मग एकदम शांत व्हायची आणि त्यांचा आवाज बदलायचा. आला, म्हणायची. झाडतोय. पाणी शिंपडतोय. शेवटी राजा यायचा. राजाला विचारायचं, वस्तू कुणी नेली ते दाखव. आणि मूल सांगायचं.

ते काय सांगतं, हे सोजरबाईला हळूहळू ओळखीचं झालं होतं. एकदा दिसला तो पाय मोडलेला पखालवाला. एकदा पोर गमावलेली कासारीण, सुतक अजून फिटलेलं नव्हतं. एकदा तोंडावर देवीचे ताजे व्रण असलेला शिंपी. दर वेळी माणसाच्या अंगावर काही तरी खूण असायची. सोनबाकडे त्याचं उत्तर होतं. देव आधी खूण करतो, मग दाखवतो, तो म्हणायचा. लोकांनाही ते पटे. ज्याच्यावर देव कोपला त्यानेच काही तरी केलेलं असणार. बऱ्याचदा अंजनाची नुसती बातमी पसरली तरी हरवलेली वस्तू तुळशीत नाही तर पाणवठ्यावर सापडे. पण ज्याचं नाव निघालं त्याच्यावरचा डाग तसाच राही. पखालवाला पेठ सोडून गेला. कासारणीकडे बांगड्या भरायला कुणी जाईनासं झालं.

सोजरबाईची एकुलती मुलगी प्रेमला तापाने गेली. जावई स्वारीबरोबर उत्तरेत होता. प्रेमलाची लेक मैना आजीकडे आली. आल्यावर सोजरबाईने तिच्यासमोरही वाट्या मांडल्या, आणि मैनेने बरोबर चिंचोक्याचीच वाटी दाखवली. त्यानंतर बाहेरची मुलं बघायची गरज उरली नाही. मैनेचं नख इतकं साफ होतं की राजा लगेच यायचा. सोजरबाईने तिची परीक्षा पुन्हा कधी घेतली नाही.

मैना बोलायची कमी. एकदा शेजारची कुसुम देवासाठी परडीभर फुलं आणताना पायरीवर अडखळली आणि सगळी फुलं गटारात गेली. त्याच सकाळी दुसऱ्या एका पोरीने मारुतीच्या डोक्यावरचं एक फूल काढून आपल्या वेणीत खोवलं होतं. सोजरबाईने गमतीत विचारलं, जास्त मार कुणाला द्यायचा? कुसुमला, मैना लगेच म्हणाली. तिची कितीतरी फुलं गेली. मग आजीला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "म्हणून तर तिचा गुडघा फुटला." सोजरबाई हसली आणि कामाला लागली.

त्याच उन्हाळ्यात श्रीधरपंतांकडून बोलावणं आलं. पंत एका सरदाराचे कारभारी. पेठेत त्यांचा दोन चौकांचा वाडा होता. देवघरातला चांदीचा रांगता बाळकृष्ण नाहीसा झाला होता. एवढ्या मोठ्या वाड्यात सोजरबाईने आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. दाराशी सरुबाई नावाच्या कुणबिणीने आजी-नातीच्या पायांवर पाणी घातलं. कुणबीण म्हणजे घराने विकत घेतलेली बाई. तिने तांब्या डाव्या हाताने धरला होता. उजवा हात पेजेने भाजला होता, त्याला कोरफडीचा गर लावून केळीच्या पानात गुंडाळलेलं होतं. पाणी घालताना ती त्या हाताला वारा लागू नये म्हणून अंग चोरून उभी होती. मैना तिच्या हाताकडे बघत राहिली.

ओसरीवर सगळी जमली. मैनेच्या नखावर लेप चढला. झाडणारा आला, सडा पडला, बिछायत पडली. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की चौकात कुणीच नव्हतं, कावळासुद्धा. राजा आला, मैना म्हणाली. आणि मग न थांबता, कुणी विचारायच्या आधीच म्हणाली, "ती बाई. हात भाजलेली."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. सरुबाई रडली नाही, मी नाही असंही म्हणाली नाही. ती जिन्याखालच्या आपल्या जागेवर गेली, बोचकं सोडलं आणि डाव्या हाताने एकेक चिंधी बाजूला काढू लागली. पंतांच्या पत्नी मंदाकिनीबाई तिच्या मागे गेल्या आणि काय करतेस म्हणून विचारलं.

"बघते," सरुबाई म्हणाली. "हाय का त्यात."

बोचक्यात बाळकृष्ण नव्हता. पण पंतांना अंजनात दिसलं तेवढं पुरेसं होतं. अमावास्या उलटली की तिला डोंगरावरच्या किल्ल्यावर चुना मळायला पाठवायचं, असं त्यांनी तिथेच सांगितलं. तिची अंगावर पिणारी मुलगी याच घरात जन्मली होती, म्हणून ती घरचीच. ती इथेच राहणार होती. किल्ल्यावर चुना मळायला गेलेली बाई परत येत नाही, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

परत येताना सोजरबाईला त्या बोचक्यातल्या चिंध्या दिसत राहिल्या. चोरी केलेली बाई आपलंच बोचकं असं शोधत नाही. तिने मैनेला विचारलं, ती बाई राजाने कशी दाखवली? बोट केलं का, नाव घेतलं का?

मैना म्हणाली, राजा काही बोलत नाही. तो नुसता बसतो. "तिचा हात भाजलाय ना," ती म्हणाली. "म्हणजे तिनं काही तरी केलंय. उगीच कसा भाजेल?"

आकाश निळं आहे म्हणावं तसं ती हे म्हणाली. सोजरबाई चालायची थांबली. पखालवाल्याचा पाय आधी मोडला होता. कासारणीची पोर आधी गेली होती. देवाने खूण केली नव्हती. पाय मोडला होता, ताप आला होता, आणि एवढ्या वर्षांत प्रत्येक मुलाने नखात तेवढंच पाहिलं होतं. आणि ती दात तपासून, वाट्या मांडून, नेमकी अशीच मुलं निवडत आली होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पंतांकडे गेली. अंजन चुकलं असेल, एवढंच तिला सांगायचं होतं. पंतांनी पान जुळवता जुळवता ऐकून घेतलं आणि विचारलं, की काल देव खोटं बोलला, की आज आपण बोलताहात? लहान मूल कधी खोटं सांगत नाही, असं आपणच पेठभर सांगत आलात. ती जायला वळली. पण बाळकृष्ण अजून मिळाला नव्हता आणि देवघरातली रिकामी जागा मंदाकिनीबाईंना बघवत नव्हती. निदान मूर्ती कुठे आहे ते तरी विचारू, असा त्यांनी हट्ट धरला. म्हणून अमावास्येच्या आत आणखी एकदा अंजन पाडायचं ठरलं.

ठरलेल्या दिवशी उजाडताच सोजरबाईने दिवा लावला, काजळी जमवायला ताटली धरली, आणि ताटली पुरती तापल्यावर तिच्यावर आपला उजवा तळवा ठेवला. तिने मनाशी सगळं जुळवलं होतं. मैना आजीचा हात बघेल आणि नखात आजीला बघेल. मूर्ती हरवली तोवर सोजरबाईने त्या वाड्याचा उंबरा ओलांडलेला नव्हता, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. नख चोर दाखवत नाही, भाजलेला हात दाखवतं, हे पंतांनाही कबूल करावं लागेल.

मैना उठली तेव्हा हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. ती अंथरुणात बसूनच त्याच्याकडे बघत राहिली.

"तू काय केलंस, आजी?" तिने विचारलं.

सोजरबाई चुलीकडे वळली. खरं सांगितलं तर दुपारचं सगळं फुकट जाणार होतं. न्याहारीला सोजरबाईने भाकरीचा तुकडा पुढे केला, तो तिने घेतला नाही. जरा वेळाने टोपलीतून स्वतःच्या हाताने घेतला आणि खांबाच्या पलीकडे जाऊन, आजीकडे पाठ न करता खाल्ला. वाड्याकडे जातानाही ती हात न धरता, चार पावलं मागे चालत होती. सोजरबाईने मागे वळून पाहिलं की ती थांबे. ज्या नजरेने पेठेने कासारणीकडे पाहिलं होतं, तीच नजर त्या एवढ्याशा तोंडावर होती.

ओसरीवर तीच माणसं, तेच पांढरं ऊन. सरुबाईला या वेळी खांबाशी बसवलं होतं. मूल तिच्या मांडीवर झोपलं होतं. लेप चढला. झाडणारा आला. सडा पडला. बिछायत पडली. राजा आला का, सोजरबाईने विचारलं.

मैनेची मान ताठ झाली होती, धाप लागल्यासारखा श्वास चालला होता. नखात ती कोणाला बघते आहे, हे सोजरबाईला विचारावं लागलं नाही. मग पोरीने मूठ मिटली, मान वर केली आणि सरळ पंतांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "राजा आला नाही. कोणीच नाही."

तिचं ते पहिलं खोटं होतं. सोजरबाईने ते ओळखलं. तिने हात भाजून घेतला होता तो मूल खरं सांगेल या भरवशावर. ते मूल आता तिच्यासमोर नव्हतं. ज्याला चोर समजतो त्याला वाचवायला खोटं बोलणारी दुसरीच कुणी मुलगी तिथे बसली होती.

"राजालाही ऊन लागलं म्हणायचं," पंत म्हणाले. "ठीक. मग पहिलंच खरं धरू." ते उठू लागले. सरुबाईने मांडीवरचं मूल जरा घट्ट धरलं, तेवढंच.

सोजरबाई मैनेसमोर खाली बसली.

"तू मला बघितलंस," ती म्हणाली.

मैनेने मूठ आणखी आवळली. "सांगितलं तर तुला नेतील."

"आन् न्हाई सांगितलंस तर हिला नेतील. पोर ठिवून घेतील हिची."

मैनेने सरुबाईच्या हाताकडे पाहिलं, मग आजीच्या. बराच वेळ ती एका हातावरून दुसऱ्या हातावर बघत होती. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली होती, पूर्वी कधी न दिसलेली.

"तुझा कसा भाजला?" तिने आजीला विचारलं.

"म्याच भाजला. ताटलीवर ठिवला."

"काही केलं नव्हतंस?"

"न्हाई."

मग मैना उठून सरुबाईकडे गेली आणि तिलाही तेच विचारलं. एवढ्या दिवसांत हा प्रश्न त्या घरात सरुबाईला कुणीच विचारला नव्हता. ती गोंधळली.

"पातेलं उतरवत व्हते," ती म्हणाली. "चिंधी वली व्हती, घसरली."

"आणि त्याच्या आधी? काय केलं होतंस?"

"काय न्हाई, बाय. चिंधी वली व्हती."

मैना पंतांकडे वळली. तिने सांगितलं की राजा आला होता. आज आजी दिसली. आधी ही बाई दिसली होती. आजी तर इथे कधी आलीच नव्हती. "ज्याचा हात भाजलेला असतो तोच दिसतो," ती म्हणाली. "त्यानं काही केलं नसलं तरी."

मग मंदाकिनीबाईंनी पायाच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी हळूच लुगड्याखाली ओढून घेतली. पंतांनी ते पाहिलं. घरच्या पाणक्याने आपला सुजलेला डोळा झाकला, तेही त्यांनी पाहिलं. नख आणखी एकदा काळं केलं असतं तर या घरातलं कुणीही त्यात दिसलं असतं.

"म्हणजे चोर कोण, ते आता कोणालाच ठाऊक नाही," पंत शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, पण कोरडेपणाही त्यातून गेला होता. सरुबाईला कुठे पाठवायचं नाही, एवढं सांगून ते आत गेले आणि जाताना देवघराकडे न बघता गेले.

सरुबाई तशीच बसून होती. मग तिने मैनेला, एवढ्याशा पोरीला, विचारलं, "मग म्यां घेतला न्हाई?"

"नाही," मैना म्हणाली.

तेव्हा कुठे सरुबाई रडली.

बाळकृष्ण पुढेही मिळाला नाही. त्या वाड्यातली माणसं कोठीला कुलूप लावून किल्ली जवळ घेऊन झोपू लागली, असं पेठेत बोललं जाई. सोजरबाईने अंजन पाडणं सोडलं. ती बाळांच्या डोळ्यांत घालायचं काजळ तेवढं करी आणि देवळाची झाडलोट करी. लोकांना राजा हवाच होता. ते दुसऱ्या पेठेतल्या दुसऱ्या बाईकडे जाऊ लागले, आणि येता-जाता सोजरबाईला विचारत, की काय हो, तुमचा राजा वारला का? ती हसे. सरुबाई मात्र सणासुदीला लेकीला घेऊन देवळात येई आणि मारुतीच्या आधी मैनेला हात जोडी, ते मैनेला मुळीच आवडत नसे.

पण त्या दुपारी वाड्यातून निघाल्यावर हे काहीच घडलेलं नव्हतं. रस्ता रिकामा होता, दारं बंद होती. मैना आता आजीच्या बरोबरीने चालत होती, तिच्या चांगल्या हाताच्या बाजूने. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, आई कशाने गेली?

"तापानं," सोजरबाई म्हणाली.

"नुसत्या तापानं?"

"नुसत्या तापानं."

मैना काही वेळ चालली. मग दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तशा आवाजात तिने सांगितलं, की आईने एकदा गूळ दिला नव्हता, तेव्हा ती आईला मर म्हणाली होती. मग आई मेली. तेव्हापासून ती आपल्याला काही तरी व्हायची वाट बघत होती, आणि सरुबाईला पाहिल्यापासून आपला हात भाजायची. रोज सकाळी उठल्यावर आधी हात बघायची. एवढे दिवस का भाजत नाही, ते तिला कळत नव्हतं.

पडवीत रोज सोजरबाईशेजारी झोपणारं हे मूल रोज हे घेऊन झोपत होतं.

"मग आता नाही भाजणार?" मैनेने विचारलं.

"भाजलाच तर चिंधी वली असंल म्हणून भाजंल," सोजरबाई म्हणाली. "तुज्या बोलण्यानं न्हाई. आई तापानं गेली, पोरी."

तिला वाटलं, आता पोर रडेल, बिलगेल, हलकी होईल. मैना रडली नाही. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून बंद दारांकडे, गच्च्यांकडे, वर रिकाम्या आभाळाकडे बघत होती, कुणी तरी आत्ताच तिथून उठून गेलं असावं तशी.

"म्हणजे आपल्याला कोणीच बघत नाही?" तिने हळूच विचारलं.

सोजरबाईने उत्तर शोधलं. जन्मभर देवळात काढलेल्या बाईकडे ते असायला हवं होतं. पण त्या उन्हात, त्या निर्मनुष्य बोळात, तिला पहिल्यांदाच जाणवलं की आपणही आयुष्यभर कुणाच्या तरी नजरेखाली चालत आलो, आणि आता पाठीवर ती नजर नाही. तिने मैनेचा हात घट्ट धरला आणि दोघी भराभर चालू लागल्या.